सपाट रस्त्यावरची कंबर

चेन्नईत घाट नाही. थिरुवान्मियूरहून ईस्ट कोस्ट रोडला, म्हणजे ईसीआरला, लागलं की महाबलीपुरमपर्यंतच्या पन्नासेक किलोमीटरमध्ये चढ म्हणून काय असेल तो मुट्टुकाडूच्या खाडीवरच्या पुलाचा. सिंहगड नि बोपदेव करून इथे बदलून आलेल्या पुणेकराला पहिले काही रविवार अगदी हसू येतं. समुद्र डावीकडे, रस्ता गुळगुळीत, पाय फिरवत राहायचं. महिन्या-दोन महिन्यांत तोच माणूस कोवलमच्या चहाच्या टपरीपाशी सायकल टेकवून दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे वाकताना दिसतो. शेजारी आणखी तिघेचौघे त्याच पवित्र्यात उभे असतात, त्यामुळे ओळखी मात्र लवकर होतात.

गेल्या पंधराएक वर्षांत या शहरात रोड बाईक रुजली आणि तिच्याबरोबर ही कंबरदुखीही रुजली. तिचा दोष कधी फ्रेमला गेला, कधी वयाला, कधी ऑफिसच्या खुर्चीला. सगळ्यांत थोडंथोडं तथ्य होतं. पण सपाट रस्त्यावर कोणाचा संशय जायला बराच वेळ लागला.

तसं पाहिलं तर सायकल या शहराला नवी नव्हती. मुरुगप्पा समूहाने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर १९४९ साली इथे कंपनी काढली आणि अंबत्तूरच्या कारखान्यातून हर्क्युलस सायकली बाहेर पडू लागल्या. आपल्याकडच्या दूधवाल्यांनी, पोस्टमननी, शाळामास्तरांनी आयुष्यभर दामटलेल्या कितीतरी सायकली मूळच्या या मद्रासच्या. त्या सायकलवर माणूस ताठ बसायचा. सगळं वजन स्प्रिंगच्या सीटवर, हँडलवर हात नुसते ठेवलेले. खड्डा आला की दणका थेट माकडहाडाला बसायचा, पण तासन्‌तास वाकून राहण्याचा प्रश्नच नव्हता.

वाकणं आलं ते २०१०च्या आसपास. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, म्हणजे ओएमआरवर, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आधीच उभ्या होत्या. त्यांत तिशी-पस्तिशीची, पगार बरा आणि पोट सुटत चाललेली मंडळी होती. परदेशी बनावटीच्या सायकलींची दुकानं उघडली, अंबत्तूरवाल्यांनीही मोंट्रा नावाने रोड बाईक काढली, आणि शनिवार-रविवारी पहाटे ईसीआरवर लाल दिव्यांच्या रांगा दिसू लागल्या. या सायकली घेतानाच एक हौस मनात असायची, ती म्हणजे टूर द फ्रान्समध्ये दिसते तशी सायकल दिसली पाहिजे. हँडल सीटच्या बरंच खाली हवं. स्टेमखालचे स्पेसर, म्हणजे हँडल उंच ठेवणाऱ्या त्या पाच-दहा मिलिमीटरच्या कड्या, काढून टाकायच्या. वर उरलेली फोर्कची नळी बेढब दिसते म्हणून ती कापून घ्यायची. टायर २३ मिलिमीटरचे, हवा ११०-१२० पीएसआय, दगडासारखी.

कापलेली नळी परत वाढत नाही. पुढे कंबर बोलू लागली आणि हँडल वर घ्यायचं ठरलं, तेव्हा अनेकांना नवा फोर्क घ्यावा लागला, नाहीतर वरच्या कोनाचा स्टेम बसवून ते सारसासारखं दिसणारं हँडल चारचौघांत मिरवावं लागलं. त्या काळात उंच हँडल म्हणजे म्हातारपणाची कबुली समजली जायची. कंबर दुखली तर उत्तर ठरलेलं असायचं, "सवय होईल." मग पट्टा, मलम, गरम पाण्याची पिशवी. डॉक्टरकडे गेलं की एमआरआय, त्यात कुठेतरी चकती थोडी बाहेर आलेली (चाळिशीत ती अनेक न दुखणाऱ्या पाठींतही दिसते), आणि सल्ला, सायकल बंद करा. बंद करणारे थोडे. बाकीचे दुसऱ्या डॉक्टरकडे जात.

ही दुखणी हौशी लोकांचीच आहेत हा समजही तेव्हा पक्का होता. २०१० साली नॉर्वेच्या संशोधकांनी सात संघांतल्या १०९ व्यावसायिक रोड सायकलपटूंची चौकशी केली होती. आदल्या वर्षभरात कंबर दुखलेले त्यांत ५८ टक्के निघाले, आणि गुडघ्याचा पुढचा भाग दुखलेले ३६ टक्के. म्हणजे ज्यांचं बघून आपण हँडल खाली घेतलं, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांची कंबर दुखत होती. फक्त त्यांना त्याचे पैसे मिळत होते.

मग आला फिटिंगचा, म्हणजे सायकल माणसाच्या मापाला बसवण्याचा, जमाना. सुरुवातीला तो दोरा, ओळंबा आणि कोनमापकाचा होता, नंतर कॅमेरे आणि लेझर आले. महागडं प्रकरण, पण त्यात एक गोष्ट खरंच बघण्यासारखी असते. सायकल एका जागी धरून ठेवणाऱ्या ट्रेनरवर बसवलेली, माणूस पेडल मारतोय, आणि फिटर त्याच्या मागे जमिनीवर बसून शॉर्टच्या मधल्या शिवणीकडे एकटक बघतोय. सीट जास्त उंच असेल तर तळाशी पेडल गाठायला पाय अपुरा पडतो आणि कंबर त्या बाजूला झुकते. उजवा पाय खाली, शिवण उजवीकडे. डावा पाय खाली, शिवण डावीकडे. बसणाऱ्याला यातलं काही कळत नाही. पण मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे धरले तर तासाभरात माकडहाडाच्या वरचे स्नायू किती हजार वेळा ओढले जातात याचा हिशोब कुणीही करावा. फिटर सीटचा बोल्ट सैल करतो, पाच मिलिमीटर खाली घेतो, पुन्हा पेडल मारायला सांगतो. शिवण स्थिरावते. सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने प्रसिद्ध असलेलं सूत्र, टांगेच्या आतल्या मापाला ०.८८३ ने गुणून सीटची उंची काढायची, हे सुरुवातीला ठीक आहे. पण शेवटचा निकाल ती शिवणच देते.

सीटच्या कोनाबद्दलही असंच. सीट डोळ्यांना सपाट दिसली पाहिजे हा जुना दंडक. १९९९ साली इस्रायलच्या डॉक्टरांनी कंबरदुखी असलेल्या हौशी सायकलस्वारांच्या सीटचं नाक दहा-पंधरा अंश खाली केलं, आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी दुखणं कमी झाल्याचं सांगितलं. कारण साधं आहे. नाक खाली गेलं की कमरेचं हाड पुढे कलतं आणि वाकणं मणक्यांऐवजी खुब्यातून होतं. आपल्याकडे हे ज्यांनी जसंच्या तसं केलं ते हँडलवर घसरले आणि त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या. दोन-तीन अंशांवर भागतं.

हे सगळं करूनही ईसीआरवरच्या कित्येकांची कंबर दुखतच राहिली, आणि खरी उकल इथून सुरू होते.

घाटात माणूस वाकत असला तरी हलत असतो. चढाला पेडलवर उभा राहतो, हँडलच्या वरच्या दांडीला धरून छाती उघडतो, उतारावर पेडल थांबवून ढुंगण उचलतो. पाठ न मागता सुटत राहते. ईसीआरवर यातलं काही घडत नाही. वर वारा आहेच. मार्च-एप्रिलपासून दक्षिणेचा, तेव्हा जाताना छातीवर. ऑक्टोबरनंतर ईशान्येचा, तेव्हा परतताना. वाऱ्यात माणूस आपोआप खालचं हँडल पकडतो, मान आत घेतो, मोठा गिअर लावून रेटत राहतो. दोन तास एकाच घडीत. बेल्जियमच्या एका अभ्यासात, २०१२ च्या, सायकलस्वारांच्या पाठीला सेन्सर लावून त्यांना दोन तास खऱ्या रस्त्यावर पाठवलं होतं. दुखणाऱ्यांची खालची पाठ पहिल्यापासूनच जास्त वाकलेली होती आणि जवळजवळ तशीच राहिली. वाढत गेलं ते दुखणं. आमच्याकडचे दुखणेकरी शुक्रवारपर्यंत खुर्चीत ज्या घडीत असतात, रविवारी त्याच घडीत सायकलवर असतात, फक्त कपडे बदललेले. त्यातले काही तर लॅपटॉपची पिशवी पाठीला लावून ओएमआरने ऑफिसलाही सायकलने जायचे, म्हणजे घडीवर तीन किलोंची इस्त्री.

दुसरी गोष्ट पहाटेची. चेन्नईत आठनंतर ऊन आणि दमट हवा माणसाला सायकल चालवू देत नाही, मे महिन्यात तर सातलाच. म्हणून चारला उठायचं, कॉफी घ्यायची, साडेचारला रस्त्यावर. आता, रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात; सकाळी माणूस रात्रीपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो तो त्यामुळेच. या फुगलेल्या चकत्यांवर वाकण्याचा ताण दिवसापेक्षा कितीतरी जास्त पडतो. १९९८ साली अमेरिकेत स्नूक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या लोकांना एवढंच सांगितलं होतं की उठल्यावर पहिले दोन तास कमरेतून वाकू नका. तेवढ्याने त्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाले. आणि आम्ही नेमके त्याच दोन तासांत दुमडून बसतो. ऊन टाळायचं तर पहाट सोडता येत नाही, पण उठून लगेच न निघता अर्धापाऊण तास घरात चालणं, आणि पहिले दहा किलोमीटर वरच्या दांडीला धरून सावकाश काढणं, हे अनेकांनी सुरू केलं. यासारखा स्वस्त उपाय माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

हे शहाणपण आलं बरंचसं लांब पल्ल्याच्या लोकांकडून. बीआरएम या ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या फेऱ्या, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत, २०१०च्या दशकात चेन्नईतही रुळल्या. तिथे दिसण्याचा सोस पहिल्या रात्रीच गळून पडतो. त्यांच्या सायकलींची हँडलं सीटच्या पातळीला, टायर २८ किंवा ३२चे, हवा सत्तर-ऐंशी पीएसआय, पाठीवर काही नाही, सगळं सीटमागच्या पिशवीत. महाराष्ट्राला या बाबतीत अभिमानाची जागा आहे. नाशिकच्या डॉक्टर महेंद्र आणि हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेची सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रॅम' शर्यत जोडीने पुरी केली, ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. दोन वर्षांनी श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्याने केली. तेही डॉक्टरच. या शर्यतीने वैद्यकाला एक दुखणंही दिलं आहे. १९८३ साली मायकेल शर्मर या स्पर्धकाची मान इतकी थकली की डोकं उचलून धरेना, तेव्हापासून त्या दुखण्याला त्याचंच नाव पडलं. हाडं शाबूत, स्नायू शाबूत, पण एकाच जागी दिवसचे दिवस धरून ठेवल्याने संपावर गेलेले. आमच्या रविवारच्या कमरेत तेच होतं, अगदी छोट्या प्रमाणात.

योगासनांचा उल्लेख केल्याशिवाय चेन्नईतल्या पाठीची गोष्ट पुरी होत नाही. योगगुरू टी. कृष्णमाचार्य इथेच राहिले, १९८९ मध्ये शंभरी गाठून इथेच गेले. मंदैवेलीतलं कृष्णमाचार्य योग मंदिरम त्यांचे चिरंजीव देशिकाचार यांनी १९७६ साली सुरू केलं. कृष्णमाचार्यांचे मेहुणे आणि शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला गेले ते पुण्याचेच झाले. त्यामुळे एका पुणेकराला इथे घरच्यासारखं वाटायला हवं. पण सायकलवाल्यांनी योगातून आधी उचललं ते नेमकं पश्चिमोत्तानासन, कारण मांडीमागच्या शिरा आखडल्या होत्या. दोन तास पुढे वाकून आल्यावर पुन्हा पुढे वाकायचं, तेही ओढून! मंदैवेलीच्या परंपरेत प्रत्येकाच्या शरीराप्रमाणे आसन आणि श्वासाबरोबर हलकी हालचाल यांवर भर आहे, तो या लोकांना जास्त मानवणारा. भुजंगासन, शलभासन, खुब्याची पुढची बाजू उघडणारे प्रकार, ही मंडळींची खरी गरज होती. फिजिओ हेच वेगळ्या नावांनी शिकवतात आणि जास्त पैसे घेतात.

२०२०च्या टाळेबंदीने या सगळ्याची अजाणता परीक्षाच घेतली. रस्ते बंद, म्हणून लोकांनी घरात ट्रेनर आणले. खड्डा नाही, वारा नाही, सिग्नल नाही, हँडल वळवायचीही गरज नाही. ईसीआरहूनही सपाट. दिवसभर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, संध्याकाळी पंख्याखाली ट्रेनर. ज्यांची कंबर कधी दुखली नव्हती त्यांचीही त्या उन्हाळ्यात दुखली. रस्ते उघडल्यावर सायकली घेणाऱ्यांची झुंबड उडाली, पण दुकानात विचारलं जाणारं काही बदललं होतं. नवख्यांनी उभट ठेवणीच्या एन्ड्युरन्स फ्रेम मागितल्या, नळी कापू नका म्हणून आधीच सांगितलं. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा पोटरीपर्यंत जाणारी कळ असेल तर फिटरकडे न जाता आधी डॉक्टरकडे जायचं, हेही आता बहुतेकांना ठाऊक असतं.

एक अडचण शिल्लक आहे. दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहावं, कंबर मागे ताणावी, हा सल्ला सगळे देतात. पण ईसीआरवर लोक एकमेकांच्या चाकाला चाक लावून रांगेत जातात, आणि उभं राहताना सायकल क्षणभर मागे येते. मागच्याचं पुढचं चाक तिला लागलं तर अख्खी रांग आडवी होते. म्हणून चांगल्या गटांत उभं राहायचं असेल त्याने आधी हात हलवून बाहेर पडायचं आणि रांगेच्या शेपटाला जाऊन उभं राहायचं, असा रिवाज पडला आहे. शेपटाला वारा जास्त लागत नाही, पण पुढची जागा जाते. ती सोडायला अजून फारसं कोणी तयार नसतं, निदान कोवलमची टपरी येईपर्यंत.