पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज : सात-बारा आहे, पण तारण नाही

नांदेड, प्रतिनिधी - बारावीच्या निकालांमुळे 'लातूर पॅटर्न'चे नाव राज्यभर झाले. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्याने पदव्युत्तर शिक्षणाची सोयही घराजवळ आली. तरीही व्यवस्थापन वा अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवीसाठी अनेक विद्यार्थी पुण्या-मुंबईची वाट धरतात. शुल्क, वसतिगृह व खानावळीचा खर्च पाहता कित्येक कुटुंबांपुढे शैक्षणिक कर्जाखेरीज मार्ग उरत नाही आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो तारणाचा.

या भागात बहुसंख्य कुटुंबांची मालमत्ता म्हणजे शेतजमीन. थकीत कर्जाचे तारण न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला. मात्र शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. त्यामुळे सात-बारा हाती असूनही बँका घर, भूखंड किंवा मुदत ठेवीलाच पसंती देतात.

यातून दोन वाटा निघतात. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार चार लाखांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही व स्वतःची रक्कमही घालावी लागत नाही. पुढे केंद्राच्या पत हमी निधीमुळे विनातारण कर्जाची ही मर्यादा साडेसात लाखांपर्यंत गेली. पालक सहकर्जदार असतात. दुसरी वाट नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेची. यादीतील दर्जेदार संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाल्यास तारण व जामीनदार दोन्ही लागत नाहीत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास पात्र विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळ व त्यापुढील एक वर्ष व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते.

तारणाचा प्रश्न सुटला तरी व्याजाचा उरतोच. शिक्षणकाळात हप्ता नसतो, पण सरळ व्याजाची आकारणी सुरू असते. समजा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी दोन लाख उचलले आणि व्याजदर १० टक्के आहे. हप्ते सुरू होईपर्यंत, म्हणजे तीन वर्षांत, एक लाख रुपये व्याज साचते. पाच लाखांची परतफेड सात वर्षांत करायची, तर मासिक हप्ता सुमारे ८,३०० रुपये पडतो. तेच व्याज वेळच्या वेळी भरत गेल्यास हप्ता सुमारे ६,६४० रुपयांवर येतो आणि एकूण खर्चात सुमारे ३९ हजार रुपये वाचतात. असे व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरातही एक टक्का सूट देतात.

म्हणूनच प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी संस्था यादीत आहे का, हे पाहावे. पदवीनंतर मिळू शकणाऱ्या पगारातून हप्ता निभेल का, याचा हिशेब घरात बसून मांडावा. कर्ज विद्यार्थ्याच्या नावे असले, तरी सहकर्जदार म्हणून त्याचा भार आई-वडिलांवरही असतो.