उष्णकाळातील धाव आणि क्रमाचे महत्त्व

वैशाखातील एका सकाळी राणीसावरगाव येथील माझ्या चिकित्सालयात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका तरुणास मित्रांनी उचलून आणले. त्वचा तप्त परंतु घामाने भिजलेली, बोलणे असंबद्ध. ‘ऊन सोसण्याची सवय करीत होता,’ असे मित्रांनी सांगितले. सर्वांगावर थंड पाणी ओतून वारा घातला आणि भान येताच त्यास रुग्णालयात पाठविले. तो वाचला. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ कि.मी. धावल्यानंतर काही उमेदवार मृत्यू पावले. त्यानंतर ते अंतर ३ कि.मी. करण्यात आले.

उन्हाची सवय होते, हे खरे. मात्र ती क्रमाने होते. रोज थोडा वेळ उष्ण हवेत व्यायाम केल्यास सुमारे १० ते १४ दिवसांत रक्तातील द्रवभाग वाढतो, त्याच श्रमात नाडीची गती कमी राहते, घाम लवकर व अधिक येतो आणि त्यातील क्षाराचे प्रमाण घटते. सराव थांबल्यास काही आठवड्यांत हा लाभ ओसरतो.

चरकाचार्यांनी स्वेदवह स्रोतसांच्या दुष्टीच्या कारणांत अतिव्यायाम व अतिसंताप यांसह शीतोष्णाचे अक्रमाने सेवन सांगितले आहे. ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य असल्याने, ज्यास धावणे अपरिहार्य आहे त्याने अर्धशक्तीची मर्यादा पाळून, पहाटे आरंभ करून, पादांशिक क्रमाने वेळ वाढवावी, हेच शास्त्रसंमत होय.

घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नये. श्रमजन्य उष्माघातात घाम असू शकतो. गुदगत तापमान ४०° से.हून अधिक आणि भ्रम किंवा मूर्च्छा ही लक्षणे निर्णायक होत. अशा वेळी आधी शरीर थंड करावे, नंतर रुग्णालयात न्यावे. बेशुद्धावस्थेत मुखावाटे काहीही देऊ नये. प्रवाळ-मौक्तिकादी कल्पांवर विसंबून वेळ दवडू नये.

औषधविक्रेते बंधूंनीही लक्षात घ्यावे की, ताप उतरविण्याच्या गोळ्या येथे निरुपयोगी असतात. मूत्रल औषधे, तसेच सर्दीवरील काही औषधे उष्णतेचा धोका वाढवितात. दीर्घ धावेत केवळ साधे पाणी अतिप्रमाणात पिणेही घातक ठरते. तहानेनुसार पाणी व घाम फार गेल्यास जलसंजीवनी द्यावी.

भरतीची तारीख जाहीर झाली की गावोगावची मुले रस्त्यावर धावू लागतात. त्यांना क्रम समजावून सांगणे हे आपलेच कर्तव्य आहे.