मुलांसाठीं लिहिलेलें चरित्र कसें पारखावें ?



गेल्या महिन्यांत माझ्या अकरा वर्षांच्या नातीनें 'बीटल्स' या जगप्रसिद्ध इंग्रज बँडचीं दोन बालचरित्रें माझ्यापुढें ठेवलीं आणि विचारलें, "आजोबा, यांतलें कोणतें घेऊं ?" पाश्चात्त्य संगीतांत माझी गति नाहीं. परंतु चरित्र पारखण्यास संगीतज्ञच असावें लागतें असें नाहीं. दोन्ही पुस्तकें वाचतांना मीं तीन प्रश्न मनाशीं धरले. तेच आज आपणांपुढें मांडतों.

पहिला प्रश्न असा कीं, यशामागचे श्रम दिसतात काय ? जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांची भेट १९५७ सालच्या जुलैमध्यें लिव्हरपूल येथील एका चर्चच्या उत्सवांत झाली. 'लव्ह मी डू' ही ध्वनिमुद्रिका निघाली ती १९६२ च्या ऑक्टोबरांत. मधलीं पांच वर्षें कशांत गेलीं ? जर्मनींतील हँबुर्ग शहरीं रात्रीं कित्येक तास वाजविण्यांत, आणि १९६२ सालीं डेका कंपनीनें दिलेला नकार पचविण्यांत. पहिल्या पुस्तकानें हीं वर्षें एका परिच्छेदांत उरकलीं. दुसऱ्यानें त्यांना दोन प्रकरणें दिलीं.

दुसरा प्रश्न, अप्रिय गोष्ट झांकली आहे काय ? रिंगो स्टार यांच्यापूर्वीं पीट बेस्ट हे दोन वर्षें या बँडचे तालवादक होते. १९६२ च्या ऑगस्टमध्यें त्यांना काढून टाकण्यांत आलें. आणि तें सांगण्यास सोबती स्वतः गेले नाहींत, व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांनाच तें सांगावें लागलें. पहिल्या पुस्तकांत 'मग रिंगो आला' एवढेंच आहे. दुसऱ्यांत ही हकीकत सरळ दिली आहे. ती वाचून नात म्हणाली, "मित्रांनीं असें कां केलें ?" मुलाच्या मनांत असा प्रश्न उठविणें, हेंच चरित्राचें काम होय.

तिसरा प्रश्न अगदीं सोपा आहे. जो भाग आपणांस ठाऊक आहे, तो आधीं तपासावा. १९६८ च्या फेब्रुवारींत ही मंडळी हृषीकेशला आली, हें दोन्ही पुस्तकांत आहे. परंतु त्याच वर्षींच्या जानेवारींत जॉर्ज हॅरिसन यांनीं मुंबईंत एका चित्रपटासाठीं संगीत ध्वनिमुद्रित केलें, व त्यांत शिवकुमार शर्मा, आशिष खाँ यांसारखे वादक होते, हें दुसऱ्यानेंच सांगितलें. पहिल्याला भारतांत हार आणि साधू एवढेंच दिसलें. ज्ञात भागांत जो लेखक निष्काळजी, त्याच्यावर अज्ञात भागांत विश्वास कसा ठेवावा ?

आतां माझी चूकही सांगतों. मीं तीस वर्षें वर्गांत थोरांचीं चरित्रें निष्कलंक करून सांगितलीं. एकदां परीक्षेंत अनुत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, तुमचीं थोर माणसें कधींच नापास होत नाहींत. मग माझ्याच्यानें काय व्हावयाचें ?" पुढें त्यानें शाळा सोडली. गोष्टी गोड करून सांगण्याची किंमत त्या मुलानें भरली.

नातीसाठीं मीं दुसरें पुस्तक घेतलें. त्याचें मुखपृष्ठ फिकें आहे आणि चित्रेंही थोडीं आहेत. परंतु त्यांत डेका कंपनीचा नकार आहे. तें पान त्या मुलास वाचून दाखवावयास हवें होतें.