दीड सेकंदाची उचकी

देवबागच्या संगमावर, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, होडी लाटेच्या माथ्यावरून खाली आली की पोटात गोळा येतो. दिवाळीच्या सुट्टीत तो गोळा जिरायच्या आतच आमच्या होडीचं इंजिनही खोकलं. होडीवाल्याने पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दोनदा दाबला आणि शांतपणे म्हणाला, "टाकयेत पेट्रोल कमी आसला की मशीन हवा खाता."

त्या रात्री भाचा लॅपटॉपवर स्पिटफायर उडवत होता. 'क्लिफ्स ऑफ डोव्हर' हा २०११ चा खेळ, विषय १९४० ची ब्रिटनच्या आकाशातली लढाई. पुढच्या जर्मन विमानाने नाक खाली घातलं, यानेही दांडा पुढे रेटला, आणि इंजिन गप्प! दीडेक सेकंदाने पुन्हा धडधडलं, तोवर शिकार पसार.

"मामा, गेममध्ये बग आहे."

मला संध्याकाळची होडी आठवली. आणि त्याहून जुनी, आमची बजाज स्कूटर. सकाळी ती सुरू झाली नाही की बाबा तिला एका अंगाला वाकडी करायचे, क्षणभर धरायचे आणि मग किक मारायचे. कार्बोरेटरमधलं पेट्रोल कुठल्या बाजूला साचलंय यावर इंजिनाची मर्जी अवलंबून असते, हे शास्त्र महाराष्ट्रातल्या घराघरांत असं लाथेने शिकलं गेलंय.

कार्बोरेटरच्या पोटात एक वाटी असते. तिच्यात फ्लोट तरंगतो. पेट्रोल भरलं की तो वर येऊन सुईने वाट बंद करतो, उतरलं की वाट उघडतो. संडासाच्या फ्लशच्या टाकीत हेच चालतं. आणि या साऱ्या व्यवस्थेचा एका गोष्टीवर आंधळा विश्वास असतो: खाली म्हणजे खालीच.

विमानाचं नाक झटक्याने खाली दाबलं की तो विश्वास मोडतो. विमान मोकळ्या दगडापेक्षाही वेगाने खाली ओढलं जातं. वैमानिक खुर्चीतून उचलला जाऊन पट्ट्यांना लटकतो. हाच निगेटिव्ह जी. वाटीतल्या पेट्रोलला कुणी पट्टे बांधलेले नसतात. ते छताला जाऊन चिकटतं, तळातली जेट, म्हणजे इंजिनाकडे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, कोरडी पडते. ही पहिली उचकी. पण खरी गंमत पुढे आहे. वर-खाली उलटल्यामुळे फ्लोट आता तळाकडे 'तरंगतो'. सुईला वाटतं, वाटी रिकामी झाली. ती वाट सताड उघडते, पंप पेट्रोल ओततच राहतो आणि इंजिन काळा धूर ओकत गुदमरतं. आधी उपासमार, मग अजीर्ण!

स्पिटफायर आणि हरिकेनमधल्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाचं हे दुखणं होतं. जर्मन मेसरश्मिट १०९ चं डाइम्लर-बेंझ इंजिन पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचं, त्याला वर-खालीची पर्वा नव्हती. म्हणून जर्मन वैमानिक सरळ नाक खाली घालून निसटायचे. ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान पालथं करून मग दांडा मागे ओढत सूर मारावा लागे, म्हणजे पेट्रोल वाटीच्या तळाशीच दाबलेलं राहील. ब्रिटिशांना अक्कल नव्हती असं मात्र नाही. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा थंड आणि दाट होते, त्यातून जादा ताकद मिळते. त्या ताकदीची किंमत म्हणजे ही उचकी.

तात्पुरता उतारा काढला बिॲट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी. बाई ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी १०० मैलांच्या वर मोटारसायकल पळवलेल्या. कार्बोरेटरचे नखरे त्यांना कुणी सांगायला नको होते. त्यांनी इंधनाच्या वाटेत भोक पाडलेली एक छोटी पितळी चकती बसवली. इंजिनाला जास्तीत जास्त लागतं तेवढंच पेट्रोल भोकातून जाईल, त्याहून जास्त नाही. अजीर्ण टळलं. १९४१ च्या सुरुवातीला त्या आणि त्यांची माणसं एकेका हवाई तळावर फिरून चकत्या बसवत होती. फ्लोटची वाटीच नसलेले कार्बोरेटर नंतर आले.

जेट विमानाला कार्बोरेटर नसतो, तरी टाकीतलं इंधन छताला जातंच. ४ डिसेंबर २०२३ च्या नौदल दिनाला इथे शेजारी, तारकर्लीच्या किनाऱ्यावरून मिग-२९के गर्जत गेली. अशा लढाऊ विमानांत पंप बुडालेला राहावा म्हणून टाकीत वेगळा कप्पा राखतात. तो पुरतो काही सेकंद; विमान तेवढाच वेळ उलटं राहू शकतं. वंगणाचंही तसंच.

खेळ लिहिणाऱ्याने हे सगळं ध्यानात ठेवायचं. दर क्षणी किती जी, किती वेळ, वाटीत काय उरलं. जुन्या कित्येक खेळांत विमान तासभर उलटं उडवा, इंजिनाला पत्ताच नसे. मला तरी तळहाताएवढ्या वाटीची मर्जी सांभाळणारा खेळ लाख पटींनी सुंदर वाटतो.

भाच्याने पुन्हा डाव मांडला. या वेळी जर्मन विमान बुडी मारताच त्याने स्पिटफायर पालथं केलं आणि दांडा पोटाशी ओढला. इंजिन अखंड घुमत राहिलं.

दुसऱ्या दिवशी संगमाजवळ होडीवाल्याने पायाने टाकी किंचित कलती केली, नळी होती त्या बाजूला.