भयाचे थकीत खाते

छत्तीस वर्षे बँकेच्या सेवेत घालवलेल्या मनुष्याने उंदरांविषयी लेख लिहावा, याचे वाचकबंधू-भगिनींना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांची घरे धान्य, सरकी, बियाणे आणि किराणा यांच्या व्यापारावर उभी आहेत. जेथे पोते तेथे उंदीर, हे जालन्याच्या मोंढ्यात वाढलेल्या कोणाला सांगावयास नको. त्याच मोंढ्यात वाढून मी पासष्टाव्या वर्षापर्यंत उंदराला भीत होतो. ती भीती साधी नव्हती. उंदीर दिसताच छाती धडधडे, तळहात घामेजत आणि पाय आपोआप खुर्चीवर जात.

सात वर्षांचा असताना आजोबांच्या आडत दुकानात ज्वारीच्या उघड्या पोत्यात मी हात घातला आणि आतून एक घूस हातावरून सरकली. ती चावली नाही. मात्र दुकानातील मुनीम व हमाल खूप हसले, आणि ते हसणे मला घुशीपेक्षा अधिक लागले असावे. पुढे 1994 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचे रुग्ण आढळले, लगोलग सुरतेची बातमी आली आणि लोक शहर सोडून पळाले. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांतील धान्यावर उंदीर माजले, असे कारण त्या वेळी सांगितले जाई. त्या दिवसांत मला माझ्या भीतीसाठी एक प्रतिष्ठित सबब मिळाली. मी भित्रा नसून सावध आहे, असे मी चारचौघांत सांगू लागलो.

या सावधपणाची किंमत माझ्या कामाला मोजावी लागली. तारण मालाची गोदाम-तपासणी हे शाखेतील माझे काम. थप्प्यांच्या मधल्या बोळातून फिरून पोती मोजावीत, आतील थर पोकळ नाही याची खात्री करावी आणि मग नोंदवहीत सही करावी, असा नियम. मी कित्येक वेळा दारात उभा राहून समोरची रांग मोजली, उंचीने गुणले आणि सही केली. सुदैवाने कोठे खोट निघाली नाही. पण खोट निघाली नाही म्हणून ती सही खरी होत नाही, हे मला तेव्हाही कळत होते.

निवृत्तीनंतर हे प्रकरण घरात शिरले. 2022 च्या पर्युषणाच्या आधी माळ्यावर खुडबुड सुरू झाली. आमच्याकडे पिंजरा लावून उंदीर दूर सोडण्याची रीत आहे. विष आणि चिकट सापळा घरात येत नाही. मला मात्र रात्र-रात्र झोप येईना. शेवटी घरी कोणास न सांगता मी कामावरच्या मुलाकडून माळ्यावर विषाच्या गोळ्या टाकवल्या. तिसऱ्या दिवशी दुर्गंधी आली. सूनबाई शिडीवर चढल्या, तेव्हा एक मादी आणि तिच्याजवळ पाच-सहा डोळे न उघडलेली पिल्ले मेलेली सापडली. पंचेंद्रिय जीव, तेही पर्युषणाच्या तोंडावर! सौभाग्यवतीने मला एक शब्दही विचारला नाही. त्यांनी आपल्या तपात एक उपवास वाढवला, इतकेच. संवत्सरीला मी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणालो, तेव्हा माझा आवाज मलाच ऐकवेना.

मी क्रूर नाही. जे केले ते भयापोटी केले. तेवढ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पाच वर्षांची नात एकटी स्वयंपाकघरात जाईना. तिला कोणत्याच उंदराने काही केले नव्हते. तिने केवळ आजोबांना खुर्चीवर चढताना पाहिले होते. मुले भय असेही शिकतात.

मुलाने आग्रह धरला आणि दिवाळीनंतर मी छत्रपती संभाजीनगर येथील एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जाऊ लागलो. वयाने त्या माझ्या मुलीसारख्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, “काका, भीती अधिक वाटते की किळस?” मी चमकलो. आपल्या कर्मसिद्धांतात नऊ नोकषाय सांगितले आहेत, त्यांत भय आणि जुगुप्सा वेगवेगळी गणली आहेत. आणि येथे या बाई नेमका तोच भेद विचारत होत्या. मी म्हटले, दोन्ही. त्या म्हणाल्या, भय लवकर उतरते, किळस सावकाश. धीर सोडू नका.

मग त्यांनी जे समजावले ते मी माझ्या भाषेत मांडतो. थकीत कर्जदाराला नवे कर्ज देऊन जुने खाते नियमित दाखवण्याची एक वाईट पद्धत बँकांत होती. कागदावर सर्व ठीक दिसते, मुद्दल मात्र वाढत जाते. भीतीची वस्तू टाळणे हे अगदी तसेच आहे. टाळले की लगेच सुटल्यासारखे वाटते, आणि त्या सुटकेमुळेच मनाची समजूत पक्की होते की खरोखर मोठे संकट टळले. साठ वर्षे मी हे खाते असेच फिरवत आलो होतो.

उपचाराचा इतिहासही उंदरापासूनच सुरू होतो. 1920 मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी सुमारे अकरा महिन्यांच्या एका बालकाला पांढरा उंदीर दाखवून त्याच वेळी मागे लोखंडी सळईवर हातोडा आपटला. असे वारंवार केल्यावर ते मूल नुसत्या उंदराला, पुढे सशालाही भिऊ लागले. त्याची भीती काढण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत, हे वाचून मन विटले. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या विदुषीने उलट दिशेने प्रयोग केला. पीटर नावाचा लहान मुलगा सशाला भिई. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवावा आणि दिवसागणिक थोडा जवळ आणावा, असे करता करता अखेर तो सशाला गोंजारू लागला. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये या पद्धतीला शास्त्रीय चौकट दिली. भीतीला शून्य ते शंभर गुण देण्याची रीतही त्यांचीच.

माझीही शिडी बनवली गेली. ‘उंदीर’ हा शब्द वहीत लिहिण्याला मी दहा गुण दिले, छायाचित्राला पस्तीस, रेकॉर्ड केलेल्या खुडबुडीच्या आवाजाला साठ. शंभर गुण मी पिंजऱ्यातला उंदीर स्वतःच्या हाताने सोडण्याला दिले. प्रत्येक पायरीवर एकच अट होती: भीती निम्म्यावर येईपर्यंत जागा सोडायची नाही, डोळे मिटायचे नाहीत आणि मनात दुसरे काही चालवायचे नाही. मी आधी मनात नवकार मंत्र म्हणू लागलो, तर बाईंनी तेही नम्रपणे थांबवले. म्हणाल्या, “काका, मंत्र घरी म्हणा. इथे फक्त बघा.” मला ते क्षणभर खटकले. नंतर पटले, कारण मी मंत्राचाही उपयोग लपण्यासाठीच करत होतो.

एक बैठक साधारण अठ्ठेचाळीस मिनिटांची होई. म्हणजे बरोबर एका सामायिकाएवढी. पहिली दहा मिनिटे असह्य जात. गुण ऐंशीवर चढत, तेथेच रेंगाळत आणि विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला कोणी काही न करता उतरू लागत. भीती अनंत काळ चढत राहत नाही, ती आपली आपण ओसरते, हे मी त्या खोलीत पहिल्यांदा पाहिले. तोवर मी कधी तेवढा वेळ थांबलोच नव्हतो. सातव्या बैठकीला आम्ही पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलो. काचेच्या पेटीत दोन पांढरे उंदीर होते. त्यांना हातात धरण्याचा आग्रह नको, त्या जिवांना माझ्या उपचारापायी त्रास नको, एवढे मी सांगितले आणि बाईंनी ते मान्य केले. त्यांतला एक पुढचे पाय धुतल्यासारखे तोंडावरून फिरवत होता. मी अर्धा तास पाहत राहिलो.

बारा बैठका झाल्या. औषध दिले नाही. अशा एकाच गोष्टीच्या भीतीत मुख्य काम या सरावाचेच असते, असे मला सांगण्यात आले. दरम्यान एक माघारही झाली. घरी रात्री उंदीर पायावरून गेला आणि मी पुन्हा खुर्चीवर. दोन बैठका मागच्या पायरीवर जावे लागले. उंदरांविषयी प्रेम काही उपजलेले नाही. धान्य झाकून ठेवणे, लेंड्या दिसल्या तर हातमोजे घालून साफ करणे हे चालूच आहे, कारण उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिससारखे रोग खरोखर होतात.

आपल्या समाजात दमा-मधुमेहाचे तज्ज्ञ लगेच शोधले जातात, मनाच्या बाबतीत मात्र ‘लोक काय म्हणतील’ हेच आधी आठवते. ज्यांना खाजगी खर्च झेपत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात चौकशी करावी. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवाही 14416 या क्रमांकावर विनामूल्य असून तेथे मराठीत बोलता येते.

मुलाच्या बियाण्यांच्या गोदामात मी अलीकडे थप्प्यांच्या बोळातून शेवटपर्यंत जाऊन येतो. पोती मोजतोही, कोणी सांगितलेले नसताना.

गेल्या संक्रांतीच्या आदल्या रात्री माळ्यावरचा पिंजरा खट्कन वाजला. पहाटे तो मीच खाली उतरवला. नात स्वेटर घालून विजेरी घेऊन बरोबर निघाली. कुंडलिकेच्या पलीकडे शेताच्या बांधावर पिंजरा ठेवला आणि दार वर उचलले. उंदीर लगेच बाहेर येईना. कोपऱ्यात दबून थरथरत होता. आम्ही दोघे थांबलो. नातीने हळूच विचारले, “आजोबा, आता किती?”

“चाळीस,” मी म्हणालो. “थांब जरा, उतरतील.”