उन्हाळ्यांत खिडकीस सावली बाहेरून करावी

गेल्या कांहीं वर्षांत विदर्भ-खानदेशांतील पुष्कळ शेतकरी बंधूंनीं जुनीं मातीचीं घरें मोडून सिमेंट-विटांचीं बांधलीं. तीं पावसाळ्यांत गळत नाहींत हें खरें. परंतु वैशाखांत दुपारीं तीननंतर पश्चिमेकडील खोलींत म्हाताऱ्या माणसांस व तान्ह्या मुलांस निजविणें कठीण होतें. जुन्या घराच्या भिंती जाड, खिडक्या लहान, आणि पुढें पडवीची सावली असे. नव्या घरास मोठ्या कांचेच्या खिडक्या आहेत व पुढें कांहींच नाहीं.

ह्यावर बहुतेक जण आंतून जाड पडदा लावितात. आम्हींही तेंच केलें, आणि दोन उन्हाळे फसलों. चार वाजतां त्या पडद्यास हात लावून पाहिला तों तो चांगलाच तापलेला होता, व त्यामागील तापलेली हवा वर चढून खोलींतच पसरत होती. कांच सूर्यप्रकाश आंत सोडते. परंतु त्यानें तापलेल्या वस्तूंपासून निघणारी उष्णता कांचेंतून तशी परत जात नाहीं. म्हणजे ऊन एकदां कांच ओलांडून आलें कीं पडद्यावर पडलें काय आणि जमिनीवर पडलें काय, तें घरांतच राहिलें. तोच आडोसा कांचेच्या बाहेर असला तर तोही तापतो, पण त्याची उष्णता बाहेरचा वारा घेऊन जातो.

सगळ्याच खिडक्यांस खर्च करण्याचें कारण नाहीं. पुण्यास १४ मेच्या व नागपुरास २६ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारीं अगदीं डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकींत ऊन जवळजवळ शिरतच नाहीं. एप्रिलांत थोडें आलें तरी हातभर छज्जा तें अडवितो. पूर्वेचें व पश्चिमेचें ऊन मात्र तिरपें येतें, त्यास छज्जा पुरत नाहीं. त्यांतही पश्चिमेची खिडकी आधीं झांकावी, कारण तोंपर्यंत भिंती आणि हवा तापून चुकलेलीं असतात. छपराची उष्णता हा निराळा प्रश्न आहे. तो ह्या उपायानें सुटत नाहीं.

बांबूची चीक उत्तम. ती न मिळाल्यास रोपवाटिकेची ७५ टक्के सावलीची जाळी घरांत बहुधा पडलेली असतेच. ती भिंतीपासून वीतभर दूर, बांबूच्या चौकटीवर ताणावी आणि वरची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाईल. भिंतीस चिकटवून खिळे मारलेली जाळी निम्मी वाया जाते. डासांची जाळी हें काम करीत नाहीं. तिची सावली फारच विरळ.

वाळ्याची ओली ताटी हा निराळा प्रकार. ती वारा अडविण्यासाठीं नसून गार करून आंत घेण्यासाठीं आहे. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता ओढली जाते. तेवढ्या उष्णतेनें ५८ लिटर पाणी दहा अंशांनीं तापेल. म्हणून कोरड्या जाळीमागील खिडकी दुपारीं बंद ठेवावी, कारण ४३ अंशांची हवा आंत घेऊन लाभ नाहीं. ताटीमागील खिडकी मात्र उघडी हवी, व समोरून वारा निघून जाण्यास वाटही हवी. ही वाट नसल्यामुळें ताटी फुकट गेलेली आम्हीं पुष्कळ घरीं पाहिली आहे. कोंकणांत हवा आधींच दमट. तेथें ताटीचा फारसा उपयोग नाहीं, जाळीचा आहे. ताटीकरितां मुळें विकतच घ्यावीं. बांधावरील वाळा उपटला तर पहिल्या मोठ्या पावसांत बांध जाईल. वाळलेली ताटी चुलीजवळील खिडकीस लावूं नये, हें सांगावयास नकोच.

सूर्य मावळतांच जाळी किंवा चीक गुंडाळून खिडक्या उघडाव्या. न उघडल्यास दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर घरांतच उष्णता सोडीत राहतात. वळवाचें वादळ दिसूं लागतांच चौकट उतरवून ठेवावी. आमची एक चौकट अशीच उडून शेजाऱ्यांच्या गोठ्यावर पडली होती. गुरें वांचलीं, कौलें भरून द्यावीं लागलीं.