संगणक सुरू होत नाही तेव्हा

घरातील जुना संगणक एके दिवशी कळ दाबूनही सुरू होत नाही. त्यात साठविलेली पत्रे, हिशेब, छायाचित्रे सारी गेली, असे समजून घरची माणसे हळहळतात. कोणी भंगारवाल्याला बोलावण्याचीही घाई करतो. वास्तविक दोष पुष्कळदा क्षुल्लक असतो.

प्रथम पंख्याचा आवाज येतो का, ते ऐकावे. येत नसेल, तर भिंतीवरील प्लग, केबल आणि पेटीमागील बटण पाहावे.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, हा प्रकार अधिक विचार करण्याजोगा आहे. सुरू होताच संगणक स्वतःचीच तपासणी करतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातही ही सोय होती. परंतु पडदा उजळण्यापूर्वीच दोष आढळला, तर तो कळवावा कसा? त्यासाठी यंत्र 'बीप' असा आवाज करते. त्या आवाजांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो; तथापि पुन्हा पुन्हा होणारा बीप बहुधा रॅमची पट्टी नीट बसली नसल्याचे सुचवितो. वीज तोडून ती पट्टी काढावी, तिची पिवळी कड खोडरबराने हळुवार पुसावी आणि पुन्हा घट्ट बसवावी. एवढ्यानेच कित्येक यंत्रे पूर्ववत चालू लागतात.

घड्याळ भलतेच साल दाखवीत असेल, तर आतील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपलेली असते. ती बदलणे सोपे आहे. वीजपुरवठ्याची बंद पेटी मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते.

इतके करूनही यंत्र सुरू झाले नाही, तरी डिस्क बहुधा शाबूत असते. ती दुसऱ्या संगणकाला जोडली, की पत्रे आणि छायाचित्रे परत मिळू शकतात.